पाणी आणू, सरकार?

नागोराव गुरुजी रस्त्याच्या मधून कधी चालले नाहीत. भिंतीला खांदा घासत जायचे आणि पोलीस दिसला की चपलेतला खडा काढायला खाली वाकायचे. खडा कधीच नसायचा. आमच्या डोंगरकडा गावात त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे त्यांनाही मान्य होतं. "भेव काय शिकावं लागतं का पोरी? ते आपोआप येतं," म्हणायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते आमचे शेजारी होते, घरात एकटेच. शाळेत सगळा कारभार उर्दूत, म्हणून संध्याकाळी ओसरीवर ते चार मोठ्या माणसांना मराठी वाचून दाखवत. त्यांच्याकडे मुखपृष्ठ फाटलेलं एक जुनं नाटक होतं, फार दुःखाचं. त्यात सेनापती राजाला मारतो आणि राजपुत्राला शोधत म्हाताऱ्या द्वारपालाच्या घरी येतो. राजपुत्र आतच लपलेला असतो. द्वारपाल म्हणतो, "माझ्याशिवाय या घरात कुणी नाही, सरकार. पाणी आणू?"

या वाक्यांवरून आमच्या ह्यांची आणि गुरुजींची दरवेळी जुंपायची.

"राजा मारणाऱ्याला पाणी काहून विचारावं? छाती काढून गरजायला पाहिजे त्यानं!" हे म्हणायचे.

"न्हाई बापू. त्याला पाठ फिरवायची हाय. पाण्याला गेलं की फिरवता येते. तोंड दिसलं तर खेळ खलास."

"म्हंजे भित्राच की!"

"व्हय. म्हणून तर मला तो कळतो."

नाटकात पुढे राजपुत्राला आतून हुंदका फुटतो आणि दोघंही मारले जातात. ते पान गुरुजी भराभर वाचून उलटत.

संस्थानाच्या शेवटच्या उन्हाळ्यात हे संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीतून चोरून घरी आले, ते ताप आणि खोकला घेऊनच. गावोगावी घरांच्या झडत्या चालल्या होत्या, संस्थानाचे बंदुकवाले माणसं उचलून नेत होते. पहिली झडती आमच्याच घराची होणार हे उघड होतं. अशा वेळी गुरुजी आपणहून परसात आले. "त्यांना माझ्याकडं आणा. माझ्यावर कोण शक घेतो?" बोलताना त्यांचे दात वाजत होते.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, बंदुकवाले चौघं त्यांच्या दारात आले. मी आतल्या खोलीत, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. पदराचा बोळा त्यांच्या तोंडात दाबला होता. छातीत खोकला उसळत होता, तो मला तळहाताला कळत होता. मला एवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

"घर में कौन कौन है?"

माझ्या डोळ्यांसमोर ते भराभर उलटायचं पान.

"मेरे सिवा कोई नै, सरकार," गुरुजी म्हणाले. "पानी लाऊं?"

रांजण आमच्या खोलीच्या दाराशी होता. ते पाठ फिरवून त्याच्याकडे आले आणि फटीतून मला त्यांचं तोंड दिसलं. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे, हनुवटी लटपटत होती. त्यांनी तांब्या बुडवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि वळले. चौघं पाणी प्याले. "डरपोक मास्टर!" म्हणून एक जण हसला आणि ते पुढच्या घराकडे गेले. गुरुजी रांजणाला टेकून खाली बसले. दिवे लागेपर्यंत त्यांना उठता आलं नाही.

पुढे बरे झाल्यावर हे त्यांच्या पाया पडले. "गुरुजी, त्या वाक्याचा तुमचाच अर्थ बराबर होता."

"अर्थ कसला बापू? मला गरजताच आलं नसतं."

संस्थान गेलं. लोक रस्त्याच्या मधून चालू लागले, गुरुजी मात्र भिंतीकडूनच. त्याच हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. हे डॉक्टरांना आणायला कळमनुरीला गेले, त्यांची बैलगाडी काही परत येईना. उशाशी मी एकटीच होते. गुरुजींनी माझं मनगट धरलं.

"भेव वाटून राहिलं, पोरी. घरात कोण कोण हाय?"

"समदे हायेत, गुरुजी. बाहेर बसलेत," मी म्हणाले. "पाणी आणू?"

आणि रांजणाकडे जायला पाठ फिरवली.