शमीमची भोकांची कुंडी

रिझवानाचा फोन आला तेव्हा मी चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. "बाई, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही, राग आला. शेंगांची परात ढकलून दिली, पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून शमीमच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथं बायका एकमेकींना सांगत होत्या, "पडणं निमित्त झालं वं माय, वक्तच आला होता तिचा." निमित्त! माणूस गेलं की हा शब्द आपल्याकडे पदराला बांधलेलाच असतो. शमीम स्टुलावरून पडली, कमरेचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, घरी आणलं, पडून पडून छातीत कफ साठला आणि गेली. पण ती स्टुलावर चढली काहून, हे एकीनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माझ्यापाशी होतं. आता दीड महिना उलटलाय आणि पेपरच्या पुरवणीवाले म्हणतात, मैत्रिणीवर दोन हळवे शब्द लिहा. हळवं माझ्याच्यानं होणार नाही. जे आहे ते लिहिते.

शमीम रिसोडात ब्लाऊज शिवायची. तिची लेक रिझवाना माझ्या वर्गात होती, तेव्हापासूनची आमची ओळख. पोरगी शिकली, लग्न होऊन वाशीमला गेली, मी रिटायर झाले, पण शमीमचं 'बाई' काही सुटलं नाही. पंचवीस वर्षांत एकदाही तिनं मला नावानं हाक मारली नाही. मी म्हणायची, "अवं, तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे मी." तर म्हणे, "बाई त्या बाईच राह्यतेत." माझ्या ब्लाऊजच्या बाह्या ती मी सांगितल्याहून बोटभर लांबच शिवायची, "तुमाले शोभत नाही आखूड" म्हणून. त्याबाबतीत माझं एक ऐकायची नाही. आणि तिची ती कात्री! कापडाच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. एकदा मी त्या कात्रीनं पाकीट कापलं, तर आठ दिवस फुगून बसली होती. म्हणजे बाई गरीब गाय होती असं कुणी समजू नये. आपल्या धंद्यात ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. धंद्याबाहेरचं मात्र सगळं 'बाईले इचारून'. तिथंच घात झाला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी शेलूबाजारहून जीपनं परत येत होतो. रस्ता रुंद करायला आंब्याची जुनी झाडं पाडली होती, जीप खोळंबली म्हणून खाली उतरलो. आडव्या पडलेल्या एका फांदीवर जाड पानांचं एक झुडूप होतं, काळपट मुळ्या सालीला घट्ट धरून बसलेल्या आणि वर पिवळ्या-तपकिरी फुलांचा तुरा. जीपवाला म्हणाला, "बांडगूळ हाय ते, झाडाचं रगत पेते." झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. बांडगूळ नाही, हे ऑर्किड आहे, झाडावर राहतं पण झाडाचं खात नाही, हवेतलं पाणी पितं... रस्त्यात उभी राहून मी सगळ्या जीपला धडा दिला. शमीमनं फुलाला नाक लावलं आणि म्हणाली, "सुगंध तर पाहा, बाई. आन् याले बांडगूळ म्हणून राह्यला हा मुडदा." मग लाकूडतोड्याच्या मागे लागून तिनं हातभर फांदी तेवढी कापून घेतली आणि रिसोडपर्यंत मांडीवर घेऊन बसली. मुंग्या चढल्या, चावल्या, तरी सोडली नाही.

ती फांदी तिच्या अंगणातल्या भिंतीवर टांगली. किती उंच टांगायची, ते मी सांगितलं. "वर, अजून वर, झाडावर होतं तसं वारं लागलं पाहिजे." शमीमचा हात पोचेना, तर मीच तिला मशीनचं स्टूल आणून दिलं. होय, मीच.

पहिल्या पावसाळ्यात ते तरारलं, मी मिरवलं. पण आपल्याकडचा उन्हाळा काय आंबराईतला आहे? भिंत तापायची, लाकूड कोरडं ठाक व्हायचं, पानांना सुरकुत्या पडू लागल्या, खालची पानं एकेक करून गळाली. शमीम इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन दिवसातून पाच वेळा स्टुलावर चढायची. नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन आपली वजू आणि मग त्याची. गुडघे दोन्ही गेलेले. उतरताना "या अल्ला" म्हणत भिंतीला धरायची. मी समोर खुर्चीवर बसून चहा पीत हे पाहिलंय, एकदा नाही, कितीदा तरी.

या उन्हाळ्याच्या तोंडाला ती म्हणाली, "बाई, याले कुंडीत घेऊ का? लाकडावर ते जगत नाही आता." मी फाडकन म्हणाले, "ऑर्किड कुंडीत घालतात का कधी? आपली काळी माती, दोन पाणी पडले की चिखल. आठ दिवसांत मुळ्या सडतील." ती म्हणाली, "मी मातीचं कुठं..." मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "शमीम, तुला यातलं कळत नाही," असं म्हणाले. शब्द जसेच्या तसे आठवतात मला. आम्ही काळ्या मातीची माणसं, कुंडी म्हटलं की डोळ्यांसमोर मातीच येते, बिनमातीची कुंडी डोक्यात शिरतच नाही. ते अडाणीपण मी शहाणपण म्हणून तिच्या गळी उतरवलं आणि तिनं मान डोलावली, कारण बाई बोलल्या होत्या. अगं, बाह्यांसाठी भांडायचीस ना माझ्याशी? मग इथं काहून गप बसलीस? मला याचाही राग येतो. तुझाही येतो, शमीम.

मे महिन्यात ती पडली. ऑपरेशन करून आणल्यावर भेटायला गेले तर बाजेवरून तिचं पहिलं बोलणं, "बाई, त्याले कोणी पाणी नाही घातलं." मी फवारा घेतला आणि त्याच स्टुलावर चढले. मागून तिचा आवाज आला, "जपून चढा, बाई." स्वतःचं हाड मोडून पडलेली बाई मला जपून चढायला सांगत होती! उतरले तेव्हा ती म्हणाली, "त्या कुंडीचं तुमाले एक सांगाचं होतं..." मी म्हणाले, "आधी बरी हो. मग सांग." ते आमचं शेवटचं बोलणं.

तिच्या चाळिसाव्याच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी रिझवानानं मला बोलावून घेतलं. मशीनच्या मागून तिनं एक कुंडी ओढून काढली. मातीचीच, पण चारी बाजूंनी भोकं असलेली. शमीमनं कुंभाराकडून मुद्दाम करवून घेतली होती. कुंभार हसला होता म्हणे, "भाभी, हिच्यात पाणी कसं राह्यीन?" "राह्याचंच नाही," असं ती म्हणाली होती. कुंडीत तीन पिशव्या होत्या. एकीत धुतलेला कोळसा, एकीत फोडून चाळलेल्या कवेलूचे, म्हणजे छपरावरच्या कौलाचे, तुकडे आणि एकीत नारळाच्या शेंड्या, सगळ्या एकसारख्या कापलेल्या. मातीचा कण नाही. "शेंड्या अम्मीनं कापडाच्या कात्रीनं कापल्या," रिझवाना म्हणाली. "मी म्हणलं, लावून टाक ना. तर म्हणे, बाईले एकदा इचारतो, मंग लावतो."

सगळं तयार होतं हो! तिनं सगळा विचार केला होता, मुळ्यांना हवा कशी मिळेल, पाणी कसं निघून जाईल, सगळं. आणि ते तिच्या मशीनमागं पडून राहिलं, माझ्या होकारासाठी. कसली बाई आणि कसलं काय. चार पुस्तकं वाचून मी लोकांच्या चुका काढत आयुष्य घालवलं, आणि माझी चूक मात्र कुणी काढली नाही. हिनं काढली होती, तर मी तिचं तोंड बंद केलं.

फांदी खाली उतरवली. मुळ्या पाण्यात भिजत घातल्या, तासाभरानं ज्या हिरवट झाल्या त्या जिवंत. पोकळ, कागदासारख्या झालेल्या मी शमीमच्याच कात्रीनं कापल्या. सालीला घट्ट धरलेल्या मुळ्या ओढल्या नाहीत, तेवढं लाकूड करवतीनं कापून मुळ्यांसकट कुंडीत बसवलं. चार पानं उरली होती, चारही सुरकुतलेली. रिझवाना कोळसा, कवेलू, शेंड्या भरत गेली. मी झाड धरून होते आणि भांडत होते, मोठ्यानं, त्या झाडाशी, शमीमशी, स्वतःशी.

झाल्यावर मी सवयीनं तार शोधू लागले, कुंडी माझ्या घरी दारावर टांगायला. रिझवाना म्हणाली, "बाई, एक बोलू?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. वारं, मुंग्या, उंची... मी ते गिळलं. "बोल. पुरं बोल," म्हणाले.

"खालीच ठेवा. बसल्याजागी पाणी घालता येईन."

मी कुंडी घरी आणून माझ्या ओट्याच्या कडेला, खाली ठेवली. बाजूला बसून तांब्यानं पाणी घातलं, ते भोकांतून झरझर निघून गेलं. उठावंही लागलं नाही. इतकंच करायचं होतं, शमीम... इतकंच.