पणजीच्या बापाचा रकाना

आमच्या गल्लीतल्या स्कूटर मेकॅनिकची पणजी इंग्रज होती. उन्हानं नाक लाल झालं, की तो मला म्हणायचा, "मास्तर, रक्त बोलतंय." तांबडा रस्सा मात्र तो आमच्यापेक्षा दोन वाट्या जास्तच प्यायचा. पणजीचा बाप मोठा साहेब होता, असं गिऱ्हाइकांना ठासून सांगायचा.

परवा चर्चच्या जुन्या नोंदवहीतल्या पानाची झेरॉक्स त्याला मिळाली. ती वाचून घ्यायला तो माझ्याकडे आला. पणजीचं नाव एलायझा होतं. बापाचा रकाना मोकळा होता. मी ते चाचरतच सांगितलं.

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "बाप न्हाय तर न्हाय. तिचं नाव तेवढं मराठीत लिवून द्या की. आमच्या घरात तिला नुसतं मडम म्हणत्यात."