गाडीजवळ उभं राहायचं

"शोभनाताई गेली," एवढंच त्यांचा धाकटा भाऊ श्रीकांत फोनवर म्हणाला. मी बँकेत होते. समोर एका पेन्शनरचा हयातीचा दाखला होता. "कागदात काही चूक आहे का?" ते वृद्ध गृहस्थ बंगालीत पुन्हा पुन्हा विचारत होते. चूक काहीच नव्हती. मी सही केली, शिक्का मारला आणि बाहेर जिन्यात येऊन उभी राहिले... रडू आलं ते फार उशिरा, संध्याकाळी घरी चहाचं आधण ठेवताना. त्याला आता पाच आठवडे झाले.

शोभनाताई बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. जन्म कोलकात्याचा. वडील नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, आणि हिशेबाचे आकडे मनातल्या मनात इंग्रजीत, असं त्या स्वतःच सांगायच्या. लग्न केलं नाही. चाळिशीत मोटरसायकल घेतली आणि साठी उलटून गेली तरी चालवत राहिल्या. उंच, काटक, सलवार-कमीज आणि पायात काळे बंद बूट. शाळेतल्या मुली बंगालीत 'दिदिमोनी', म्हणजे बाई, म्हणायच्या, म्हणून गल्लीतला फळवालाही दिदिमोनीच म्हणायचा.

साताऱ्याहून माझी इकडे बदली झाली तेव्हा मी एकटीच आले होते. मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झाली. दमदमहून येते, साताऱ्यात भावाची मोटरसायकल चालवायचे, इथे मात्र भीती वाटते, असं मी बोलता बोलता म्हटलं. त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला. "भीती गाडीची वाटते, की गावाची?" गावाची, मी म्हटलं. "मग गाडी घे. गाव काही तुझ्या दाराशी येणार नाही." पुढच्या महिन्यात मी गाडी घेतली. शोरूममध्ये त्या माझ्याबरोबर होत्या.

पहिलं सर्व्हिसिंग मात्र मी त्यांना न सांगता उरकलं. सकाळी गाडी टाकली, संध्याकाळी उचलली. गाडी धुऊन चकचकीत केलेली, कागदावर ओळीनं बरोबरच्या खुणा. दोन दिवसांनी चेन करकरू लागली आणि मागचा ब्रेक पाय पार खाली जाईपर्यंत लागेना. शोभनाताईंनी कागद पाहिला, चेन पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये गेल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढली, सर्व्हिसिंगचं पान उघडलं आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." तो बिचारा वाचू लागला. चेन स्वच्छ करून तेल देणं, ताण तपासणं, ब्रेकचा ढिलेपणा तपासणं... प्रत्येक ओळीनंतर त्या विचारायच्या, "हे कोणी केलं?"

शेवटी आतून मेकॅनिकला बोलावलं. निमाई त्याचं नाव, पस्तिशीतला, हात ग्रीसनं काळे. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दिदिमोनी, या यादीला दोन तास लागतात. मला एका गाडीला चाळीस मिनिटं मिळतात. खुणा आधीच केलेल्या असतात." काउंटरवरचा माणूस त्याच्यावर ओरडला. तेव्हा मात्र शोभनाताईंचा वर्गातला आवाज निघाला. "खरं बोलणाऱ्यावर ओरडू नका. मॅनेजरना बोलवा."

त्या तीन तास तिथे बसल्या. मॅनेजरनी निमाईला काढून टाकायची भाषा केली तेव्हा, "त्याला काढलंत तर तक्रार लेखी देईन, आणि त्यात त्याचं नाव नसेल, तुमचं असेल," एवढंच म्हणाल्या. निमाई राहिला. आमच्या दोन्ही गाड्या त्याच्याच हाती द्यायच्या आणि आम्ही शेजारी उभं राहायचं, असं ठरलं. मी म्हटलं, दुसरीकडे जाऊ या ना, इथे कशाला? तर म्हणाल्या, "अगं, दुसरीकडेही चाळीसच मिनिटं असणार. इथे निदान एक माणूस खरं बोलतो हे कळलंय. विश्वास ठेवायचा, पण गाडीजवळ उभं राहायचं. आपण उभे असलो की त्याला त्याचे दोन तास मिळतात."

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. डॉक्टरांना मीच प्रश्न विचारत राहायचे, त्या गप्प. एकदा केमोच्या खोलीत मी चिडून म्हटलं, तुम्ही काहीच कसं विचारत नाही? "इथली यादी मला वाचता येत नाही ग," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला.

पुढे त्यांना जिनाही उतरवेना. आणि तशात एक दिवस म्हणाल्या, "माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग आलंय. घेऊन जाशील? उभी राहा हं." मला त्याचा अर्थच कळेना. ती गाडी आता कोण चालवणार होतं? बँकेत वर्षअखेरीची कामं तुंबली होती, त्यात हॉस्पिटलच्या खेपा. मी गाडी निमाईकडे सोडून ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "होतीस ना उभी?" "हो." "चेन ढिली होती का?" "थोडीशी," मी बिनदिक्कत ठोकून दिलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून डोळे मिटले.

आठवड्याभरानं निमाई त्यांना भेटायला घरी गेला होता. काही विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं असणार... खोटं बोलणं त्याला जमतच नाही. त्यानंतर मी गेले तेव्हा शोभनाताई उशीला टेकून बसल्या होत्या. रागावल्या नव्हत्या. "तू नव्हतीस तिथे."

मी काहीतरी सांगू लागले, काम, वर्षअखेर. त्यांनी हात वर केला. "नव्हतीस तर नव्हते म्हणायचं. माझ्यापायी तू दमतेस, मला का दिसत नाही? पण आता सगळेच मला गोड गोड सांगतात ग. श्रीकांत सांगतो, डॉक्टर सांगतात. तू तरी नको." पुढे म्हणाल्या, "आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. गाडी तुझ्या नावावर करायचीय. तुझी जुनी झाली. तुला देताना ती नीट असायला हवी होती, म्हणून म्हटलं उभी राहा."

मी त्यांच्या पायाशी बसून खूप रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता खरं सांग, मी कशी दिसते?" मी खरं सांगितलं. "हं," त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं." त्यानंतरचे तेरा आठवडे आम्ही एकमेकींशी एकही खोटं बोललो नाही. माझ्या आयुष्यात तसे दिवस दुसरे नाहीत.

गेल्या शनिवारी त्यांची गाडी मी सर्व्हिसिंगला नेली. आता ती माझी आहे, पण तसं म्हणायला अजून जीभ रेटत नाही. दोन तास उभी होते. निमाई यादीप्रमाणे एकेक काम करत गेला. मध्येच त्यानं गिअरच्या दांडीवरचं रबर दाखवलं. एका बाजूनं पार झिजून खोलगट झालं होतं. "बदलायला हवं, दिदी. पावसात पाय घसरेल." राहू दे, मी म्हटलं. तो पाना हातात धरून तसाच थांबला, माझ्याकडे बघत. त्यालाही ठाऊक होतं ते कोणाच्या बुटानं झिजलंय. "बदल," मी म्हटलं.

त्यानं नवं बसवलं. जुनं कापडानं पुसलं, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माझ्या हातावर ठेवलं. आता ते माझ्या टेबलावर आहे. लिहिता लिहिता मध्येच मी त्या खोलगट जागेत अंगठा ठेवते. नीट बसतो.