स्क्रीनवरचे पॉइंट आणि मनीषाची सीट

"दाखवावं लागंल का न्हाई, तेवढंच सांगा साहेब," असं म्हणून सुधाकररावांनी सायबर कॅफेतून काढलेला प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला. मी लोकांचे आयकर रिटर्न भरून देतो, आणि शेवटची तारीख आठवड्यावर होती. बाहेर बाकावर आणखी सहा जण बसले होते, त्यामुळे मी घाईत होतो. घाई ही सबब नाही, पण होतो.

सुधाकरराव मूळचे हसनाबादचे, जालन्यात एका जिनिंग फॅक्टरीत क्लार्क. पगार कराच्या मर्यादेच्या थोडा आत. सोबत मुलगी होती, मनीषा, नुकतीच बारावी झालेली. वडलांच्या नावानं एका ऑनलाइन सर्व्हे कंपनीत खातं उघडून ती वर्षभर सर्व्हे भरत होती. कोणता शाम्पू वापरता, पुढची कार कधी घेणार, असले प्रश्न. कार नाही असं खरं सांगितलं की सर्व्हे तिथंच संपायचा, असं ती म्हणाली. तरी ती खरंच सांगायची. प्रत्येक पूर्ण सर्व्हेला पॉइंट मिळायचे आणि पॉइंटांचे पुढं रुपये व्हायचे. वर्षात एक चेक आला होता. बाकी सगळी रक्कम स्क्रीनवर जमा दिसत होती.

फॅक्टरीतली मंडळी त्यांना सांगत होती की हे बक्षीस आहे, कोण विचारतंय. मी म्हणालो, बक्षीस म्हणा, गिफ्ट म्हणा, काम करून मिळालं ते उत्पन्न. पगारात किंवा धंद्यात बसत नाही ते 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचं. एवढं माझं बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे.

चूक त्याच्या पुढं झाली. उत्पन्न धरायच्या दोन पद्धती असतात. एकीत पैसा हातात आला की धरायचा. दुसरीत हक्क झाला, वहीत नोंद झाली की धरायचा, पैसा येईल तेव्हा येईल. माझी वीस वर्षं जुन्या जालन्यातल्या धान्याच्या अडत्यांचे हिशेब करण्यात गेलेली. तिथं सगळा कारभार दुसऱ्या पद्धतीचा. समोरच्यानं वहीत लिहिलं म्हणजे पैसा आला, यावर त्या गल्लीत कुणी शंका घेत नाही, आणि घ्यायची वेळही क्वचितच येते. मलाही तीच सवय. मी प्रिंटआउटवरची एकूण रक्कम उचलली आणि रिटर्नमध्ये टाकली. सुधाकररावांना खरं तर पहिली पद्धत लावायला हवी होती.

सुधाकररावांनी विचारलं होतं. "पन साहेब, हे पैशे आजून हातात आले न्हाईत."

"खात्यात लिहिलेत ना? मग आले समजा," मी म्हणालो.

हे वाक्य मी कितीदा तरी मनात परत घेतलंय.

थोडा कर बसला. तो त्यांनी निमूटपणे भरला, रिटर्नवर सही केली, शिक्का मारलेली पोचपावती घेऊन गेले. जाताना मनीषा म्हणाली की इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलाय. मी शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी बापलेक पुन्हा आले. औरंगाबादच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. फी-सवलतीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि तहसीलनं रिटर्नची प्रत मागितली होती. माझ्या आकड्यानं ते सवलतीच्या मर्यादेबाहेर गेले होते. पूर्ण फी भरणं त्यांना शक्यच नव्हतं. दाखला आणायला आठ दिवसांची मुदत होती.

चूक कुठं झाली ते आता मला कळलं. त्याच दिवशी सुधारित रिटर्न तयार केलं. त्यात फक्त हातात आलेला एक चेक धरला. बाकीचे पैसे मिळालेले नाहीत असं कंपनीकडून लिहून घ्यावं म्हणून मनीषाला माझ्याच कॉम्प्युटरवर साइट उघडायला सांगितलं. साइट उघडेना. दिवसभर उघडली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती पुन्हा कधीच उघडली नाही. आता पैसे दिले नाहीत म्हणून लिहून द्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

पासबुक आणि नवी पोचपावती घेऊन मी स्वतः तहसीलला गेलो. तिथल्या क्लार्कनं दोन्ही रिटर्न शेजारी शेजारी ठेवले. माणूस वाईट नव्हता.

"साहेब, गेल्या महिन्यात तुमीच भरून दिल्तं, कर बी भरला. आता सवलत पायजे म्हनून कमी करून आनलं. म्या कोनतं खरं धरू?"

मी पॉइंट म्हणजे काय ते समजावलं. पासबुकात एकच चेक आहे हे दाखवलं. तो म्हणाला, पासबुक एकच आहे कशावरून. रोज असली कागदपत्रं पाहणाऱ्या माणसानं दुसरं काय म्हणावं? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. चौकशीला पाठवतो म्हणाला. चौकशीला पंधरा दिवस लागले आणि सीट आठव्या दिवशी पुढच्या यादीतल्या मुलाला गेली. चौकशी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला, अगदी बरोबर आकड्याचा.

मी फीपैकी काही भरतो म्हणालो होतो. सुधाकररावांनी हात जोडले. "तुमी नियमानंच केलं साहेब, तुमचा काय दोष," म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला त्या रात्री झोप लागली असती. मनीषा जालन्यातच बी.कॉम.ला गेली.

भरलेला कर पुढच्या वर्षी परत आला, वर थोडं व्याज. त्या व्याजावर कर लागतो का, असं सुधाकररावांनी फोनवर विचारलं. व्याज उत्पन्नात धरावं लागतं, असं मी सांगितलं. "बराबर," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता कुणी नव्या तऱ्हेचं उत्पन्न घेऊन आलं की मी दोन गोष्टी विचारतो. पैसा बँकेत आला का? आणि हे रिटर्न तुम्हाला अजून कुठं दाखवायचंय? दोन्ही प्रश्नांना मिळून एक मिनिट लागतं. त्या दिवशी बाहेर सहा जण बसले होते, म्हणून मी ते मिनिट वाचवलं.