पडीक म्हणता कायले?

दोस्तहो, आज ग्रामपंचायतीच्या सभेत गेलतो. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

आमच्या शिवारात औद्योगिक पार्क आणायचा आहे. त्यासाठी आलेल्या सरकारी साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. त्यात आमच्या वावरावर लिहेल होतं, 'पडीक जमीन'. पडीक म्हटलं की ती उद्योगाले देणं सोपं!

माही शांताकाकू उठली. "साहेब, हे कशावरून ठरवलं?"

"एप्रिलचा फोटो आहे, वरून काढलेला. बघा, एक झाड दिसत नाही."

"दिसन कसं? बोंडअळी मरावी म्हणून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटा, वावर रिकामं ठेवा, हे सरकारनंच सांगतलं. आम्ही आयकलं, तर आता पडीक म्हणता? बोरी अरब गावच्या बाजारात आम्ही दरसाल कापूस नेतो, तो काय आभाळातून पडते?"

मी म्हटलं, "चला साहेब, वावर पाच मिनिटांवर आहे." त्यायले दुसरी मीटिंग होती.

हरकतीच्या अर्जावर साऱ्या गावानं तिथंच सह्या केल्या.

खाली त्याच वावराचा आजचा फोटो टाकला आहे. कपाशी माह्या कमरेले लागून राह्यली. तुमच्या गावच्या नकाशातला फोटो कोणत्या महिन्यातला आहे, विचारलं का कधी?