थुंकीने पुसलेली पाटी

आमच्या कोरगावच्या देवळाच्या दारात एक काळा फळा होता आणि त्यावर रोज सकाळी माझे बाबा सुविचार लिहायचे. खरे बोलावे. चोरी करू नये. परनिंदा हे पाप आहे. बाबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर, त्यामुळे अक्षर टपोरं आणि उपदेश चुकवायला जागाच नाही. परनिंदेचा फळा वाचून बायका तळीच्या पायऱ्यांवर जाऊन बसत आणि शेजारणीची यथेच्छ धुलाई करत. चोरीचा फळा वाचून जाणारे आमच्याच काजूखालच्या बिया खिशात घालत. बाबांना त्याचं काही वाटत नसे. ते दुसऱ्यांसाठी लिहीतच नव्हते. ते स्वतः पाळत, आणि आमच्या घराची खरी पंचाईत हीच होती.

माझ्या थोरल्या बहिणीचं पहिलं स्थळ बाबांच्या खरेपणाने गेलं. मुलीला राग येतो का, असं मुलाच्या आईने हसत विचारलं. असल्या प्रश्नाला लोक हसून नाही म्हणतात. बाबांनी तिने भिरकावलेली वाटी आणली आणि पोचा दाखवला. दुसऱ्या स्थळाला पत्रिका आवडली होती. बाबा म्हणाले, जन्मवेळ अंदाजे आहे, तेव्हा घरातलं घड्याळ बंद होतं. ते लोक चहाही न संपवता उठले. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही आणि बाबांना ते जाणवलंही नाही.

मग तिसरं स्थळ आलं, कारापूरहून. हे बहिणीला मनापासून हवं होतं, कारण मुलगा तिने आधीच पसंत केला होता. राजभाषेचा वाद तेव्हा पेटलेला होता. गोव्याची भाषा मराठी की कोकणी, यावरून सख्खे भाऊ वेगळ्या पंगतीत जेवत. आमच्या घरी भांडण कोकणीतून चाले आणि आरती मराठीतून, तरी आम्ही मराठीवाले. माझी बहीण मात्र म्हापशाच्या कॉलेजात गेली आणि कोकणीच्या मोर्चात चालून आली. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या मोर्चात जो तिच्या मागे चालत होता, तोच हा मुलगा. त्याचे वडील निवृत्त मास्तर आणि कडवे मराठीवादी. कोकणीवाली सून ते उंबरा ओलांडू देणार नाहीत, असं तो स्वतःच तिला सांगून बसला होता.

बहिणीने आईला स्वयंपाकघरात गाठून स्पष्ट सांगितलं, "आतां बाबान खरें सांगलें जाल्यार हांव जल्मभर तुमच्याच घरांत."

ती सत्तावीसची होती. मी तिच्यापाठची. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला बाबांचा इतका राग आला की जाऊन तो फळाच फोडावा असं वाटलं.

आई देवळात गेली. आमच्याकडे माणसांचं पटेनासं झालं की देवाला प्रसाद लावतात. पुजारी मूर्तीला पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न घालायचा, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आईने विचारलं, पाहुणे येणार त्या रविवारी ह्यांनी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन धरावं का. डावी पडली. आईने देवाला प्रश्न नीट कळला नसावा असं म्हणून तो दुसऱ्या शब्दांत घातला. पुन्हा डावी. तिसऱ्या खेपेला पुजाऱ्याने उजव्या पाकळीला पाणी जरा बेताचं लावलं, आणि देवाने उजवी दिली. पहिल्या दोन पाकळ्यांची गोष्ट आईने बाबांना सांगितली नाही. बाबांनी हात जोडले. देवाचा शब्द मोडायचा नाही, हाही फळ्यावरचाच सुविचार होता.

रविवारी पाहुणे आले. मुलगा खाली मान घालून शिऱ्याच्या बशीकडे बघत होता. त्याचे वडील बाबांच्या समोरच्या बाकावर बसले. ह्यांचं मौन आहे म्हणून आईने हात जोडून सांगितलं, तेव्हा त्यांचा आदर वाढलेला दिसला. आम्ही मनातल्या मनात पेढे वाटले. तेवढ्यात बाबा उठले, आत गेले आणि शाळेची पाटी-पेन्सिल घेऊन आले.

तीस वर्षं मास्तराशी संसार केलेल्या आईला पाटीची आठवण झाली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी देवाकडे.

मुलाच्या वडिलांचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे बाबांनी लिहायचं आणि मी मोठ्याने वाचायचं असं ठरलं. शेती किती, बागायत किती, मुलीला स्वयंपाक काय काय येतो. बाबांनी लिहिलं, मी वाचलं. "सोलकढी बरी, पोळ्या जाड" हेसुद्धा मी प्रामाणिकपणे वाचलं. मग पाहुणे पुढे वाकले आणि त्या कडव्या मराठीवाद्याने अस्सल कोकणीत विचारलं, "तुमच्या घरांत त्या कोंकणीवाल्यांतलें कोण ना मूं?"

बाबांची पेन्सिल थांबली नाही. "थोरली आहे. मोर्चात गेली होती. दोनदा." पाटी माझ्या हातात आली. दाराआडून बहीण माझ्याकडे बघत होती.

मी वाचलं, "थोरलीला अभंग खूप येतात."

आयुष्यात इतक्या सहज मी कधी खोटं बोलले नव्हते. बाबांनी वर पाहिलं. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. मौन मोडून खरं सांगायचं, किंवा मौन पाळून माझं खोटं चालू द्यायचं. दोन सुविचार एकाच फळ्यावर कसे मावायचे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

तेवढ्यात पाहुण्यांनी हात पुढे केला. "पळोवं गो चेडवा, पाटी हांगा दी."

बाबांनी माझ्या हातून पाटी ओढून घेतली. अंगठा जिभेला लावला आणि थुंकीने ती तीन वाक्यं पुसून टाकली. पाटी म्हणजे सरस्वती. थुंकीने पाटी पुसणाऱ्या किती पोरांच्या तळहातांवर बाबांनी छड्या ओढल्या असतील, त्याला हिशेब नाही. ओलं फडकं त्यांच्या मांडीवरच होतं. पुसून झाल्यावर त्यांनी लिहिलं, "चहा घ्या." मी वाचून दाखवलं. पाहुण्यांनी चहा घेतला आणि जाताना होकार देऊन गेले.

सूर्य मावळल्यावर बाबा पहिलं वाक्य काय बोलतील, या धास्तीने आम्ही तिघी ओटीवर बसून होतो. ते म्हणाले, "पाटी धुवून हाड." एवढंच. मी विहिरीवर जाऊन पाटी धुतली, रडले आणि ती आणून दिली. दुसऱ्या दिवशी देवळाचा फळा कोरा राहिला. मग लग्न झालं तरी तो कोराच. गावाने मानलं की मराठीवरच्या अन्यायाचा मास्तर निषेध करताहेत, आणि दोघांनी येऊन बाबांना नारळ दिला. बाबांनी तो निमूट घेतला. असं निमूट घेणारे बाबा मला बघवत नव्हते.

लग्नानंतर बहीण पहिल्यांदा माहेरी आली ती पायातल्या चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. तिला राहवलं नव्हतं. तिने सासऱ्यांना मोर्चाचं सगळं सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं होतं. चष्मा लागतो तो जवळचं बघायला, लांबचं स्वच्छ दिसतं. आणि जन्मभर पोरांच्या समोर उभं राहून शिकवल्यावर उलटी पाटी वाचता येतेच. तुझ्या बापाने मांडीवर लिहिलं तेव्हाच मी वाचलं. स्थळ मोडायच्या विचारात होतो, पाटी मागितली ती खोटं उघडं पाडायलाच. पण मास्तर माणूस मुलीसाठी थुंकीने पाटी पुसतो, हे बघितलं आणि म्हटलं, हे घर सोडायचं नाही.

आईने पदर डोळ्यांना लावला. मीही बाबांकडे बघितलं. त्यांचं मन भरून आलं असेल असं वाटलं.

बाबांनी बहिणीला एकच विचारलं, त्यांनी नक्की वाचलं होतं ना. ती हो म्हणाली.

"म्हणजे मी खरंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. आम्ही कोकणीत बोलत होतो, पण हे वाक्य त्यांनी फळ्यावरच्या मराठीत उच्चारलं. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. त्यांनी सदरा चढवला, कोनाड्यातला खडू घेतला आणि चहासुद्धा न घेता देवळाकडे निघाले.

जाताना दारात क्षणभर थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता त्या घरात खोटं बोललेली एकटी मीच उरले होते.