चार धोतरं

मी आयुष्यात एकदाच विमानात बसलो, तेही फुकट. मिरवायचं तर मिरवता आलं असतं. पण त्या पाऊण तासापायी माझ्या वडिलांचे सहा पावसाळे वाया गेले, म्हणून तो विषय निघाला की मी उठून जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कल्याणजवळची आमच्या गावची शेतं धावपट्टीसाठी घेतली गेली. लढाई संपली की परत मिळतील असं गावात सगळे म्हणत. कोणी सांगितलं ते मात्र कोणालाच धड सांगता येत नसे. लष्कर निघून गेलं, पट्टी राहिली. बांध, झाडं, विहीर सगळं सपाट झालेलं. कोणाचं शेत नेमकं कुठं होतं यावर म्हातारे पारावर भांडत बसत. बाबांचं म्हणणं ठाम होतं: आपलं शेत पट्टीच्या अलीकडे, गवतात आहे. माती जशीच्या तशी आहे. कागद हातात पडला की दुसऱ्या दिवशी नांगर धरायचा.

त्या भरवशावर ते दर पावसाळ्यात मामाकडे, म्हणजे आईच्या भावाकडे, शेताचा एक कोपरा मागून घेत आणि आमच्या शेतातल्या लाल भाताचं बियाणं तिथं लावून जिवंत ठेवत. मामा नाही म्हणत नसे, पण तोंड वाकडं करी. मेहुण्याच्या दारात असं उभं राहणं बाबांच्या किती जिवावर येई, ते मला दिसत होतं.

मी मॅट्रिक होऊन मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. आमच्या मोठ्या साहेबाकडे विलायतेहून एक पाहुणा आला. हा गृहस्थ सुट्टी घालवायला स्वतःचं दोन माणसांचं विमान स्वतःच चालवत, मुक्काम करत करत इथवर आलेला. आपण सुट्टीत फार तर मामाच्या गावाला जातो! त्याला इथले डोंगर जवळून बघायचे होते आणि नावं सांगणारा कोणीतरी हवा होता. मलंगगड, चंदेरी पायाखाली घातलेला कचेरीत मी एकटाच. परवानगीचं साहेबांनी बघितलं आणि ठरलं, की त्यानं सकाळी आमच्याच पट्टीवर उतरून मला घ्यावं.

घरी सांगितलं तेव्हा आई देवापुढे जाऊन बसली. बाबांनी दुसरंच विचारलं.

"वरशी आपला शेत दिसंल का रं?"

"दिसेल की. पण ओळखू कसं?"

"निशानी मी लावतंय. तू नुसता बगून ये."

कार्तिकातली सकाळ होती. पाहुणा उंच, लाल कानांचा, मोजकं बोलणारा. डोंगराच्या अंगावर सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, म्हणजे वेळ आली तर वळून पळता येतं, हे त्यानं मला हातानं करून दाखवलं. वारा कड्यावर आपटतो त्या बाजूला विमान आपसूक वर उचललं जाई, आणि धार ओलांडली की एकदम कोसळल्यासारखं खाली पडे. मी मलंगगड म्हणून बोट दाखवलं ते भलतंच टेकाड निघालं. खालून पाठ असलेले डोंगर वरून अनोळखी वाटतात. चंदेरीचा कातळ मात्र ओळखला. त्याच्या एका कपारीत मी कधीकाळी भाकरी खाल्ली होती. पाहुणा खूश होता. माझं लक्ष मागे, पट्टीकडे लागलं होतं.

परतताना तो एकदम ताठ बसला. पट्टीच्या कडेला गवतात चार पांढरे ठिपके होते. उतरू नका अशी ती खूण तर नाही ना, असं त्यानं ओरडून विचारलं. वैमानिकाला तशी शंका येऊ शकते, हे बाबांना कुठून माहीत असणार? त्यांनी आपल्या शेताच्या चार कोपऱ्यांवर धोतरं पसरली होती, दोन घरची आणि दोन उसनी. माझे वडील आहेत, काही धोका नाही, असं मी सांगितलं; तरी खात्री करायला त्यानं दोन फेऱ्या मारल्या.

त्या दोन फेऱ्यांत मला सगळं दिसलं. ऊन तिरपं होतं आणि सपाट केलेल्या माळावर जुने बांध रेघांसारखे उठून आले होते. जमिनीवर उभं राहून ते कधीच दिसले नव्हते. ओढ्याचं वळण, त्याच्या पोटात बुजवलेल्या विहिरीचा गोल, आणि विहिरीपासून तिसऱ्या नि चौथ्या बांधांमधलं शेत आमचं. लहानपणी त्याच बांधांवरून मी जेवण नेत असे, त्यामुळे चूक व्हायचं कारण नव्हतं. दोन्ही बांध पट्टीत शिरले होते आणि पलीकडे त्यांची नुसती टोकं निघाली होती. आमचं अख्खं शेत काँक्रीटखाली होतं. बाबांची धोतरं होती ती गावच्या गुरचरणावर. मधोमध बाबा वर बघत हात हलवत उभे होते.

उतरलो तसे ते धावत आले. विमानाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"दिसला?"

"दिसलं."

"धोतरा बरोबर कोपऱ्याव हाईत ना?"

"बरोबर कोपऱ्यावर."

खरं बोलायची छाती झाली नाही. वाटलं, म्हातारा माणूस खूश झाला तर कोणाचं काय जातं? बाबांनी गावभर सांगितलं, पोरानं वरून बघितलंय. पुढची सहा वर्षं ते मामाच्या कोपऱ्यात गुडघाभर चिखलात वाकून बियाणं जगवत राहिले. खोकला छातीत मुरला तरी ऐकेनात. सरकारकडे अर्ज जायचे ते मीच लिहायचो: 'शेत पट्टीच्या अलीकडे, नांगरटीस योग्य.' हे लिहिताना माझा हात एकदाही अडला नाही, याची मला जास्त लाज वाटते.

सहाव्या वर्षानंतरच्या वैशाखात ते पहार घेऊन हद्दीचे दगड शोधायला गेले. दोन दिवस चारही कोपरे खणले. दगड लागला नाही. तिसऱ्या दिवशी पहार न नेताच गेले आणि पट्टीवर बसून परत आले. पाऊस तोंडावर आला तरी ते मामाकडे गेले नाहीत. बियाण्याचं गाठोडं आईपुढे ठेवून म्हणाले, "कांड." आईनं काही न विचारता कांडलं आणि भात केला. आम्ही जेवायला बसलो.

"तुना तवाच दिसला व्हता ना?" बाबांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"कुठं हाय?"

"पट्टीखाली."

"सगला?"

"सगळं."

त्यांनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले.

"मंग मना सा वर्सं मेवन्याच्या दारान कशाला उभा केलास?"

आवाजात राग नव्हता. मी भात चिवडत राहिलो.